एकशे वीस बटणं, एक डावा हात

मी अकॉर्डियन शिकले ते रागाच्या भरात. लहानपणापासूनची ओढ, अपुरं राहिलेलं स्वप्न, असलं काही त्यात नव्हतं. एक माणूस आमच्या सोफ्यावर बसून, आमचेच पोहे खाऊन, आमच्याच घरातल्या वाद्याला शोपीस म्हणाला आणि माझं डोकं फिरलं. डोकं फिरलं की मी काहीतरी कबूल करून बसते आणि मग ते निस्तरायला मला महिनोन्‌महिने लागतात. शाळेतली दहावीच्या गणिताची जादा तुकडीसुद्धा मी अशीच अंगावर ओढून घेतली होती.

वाद्य माझ्या सासऱ्यांचं. सासरे एक्क्याऐंशी वर्षांचे. हयातभर त्यांनी मिलमध्ये कारकुनी केली आणि सुट्टीच्या दिवशी, लग्नसराईत, गणपतीत ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन वाजवला. ज्यांनी तो जवळून पाहिला नाही त्यांनी गळ्यात अडकवायची पेटी समजावी. उजव्या हाताला पेटीसारख्याच काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, डाव्या हाताला बटणांची फौज, आणि दोघांच्या मधे भाता. हा भाता डाव्या हातानं बाहेर ओढायचा आणि आत दाबायचा. अकरा वर्षांपूर्वी इथं इंदूरला बडा गणपतीच्या चौकात सासऱ्यांची स्कूटर घसरली आणि डावा खांदा असा काही बसला की हात बाहेरच्या बाजूला जाईनासा झाला. उजवा हात ठणठणीत, डाव्याची बोटंही शाबूत, पण भाता ओढणं संपलं. अकॉर्डियन डब्यात गेला आणि डबा कपाटावर.

तेव्हापासून तो वर्षातून एकदा खाली यायचा. दसऱ्याला आमच्याकडे माझी गणिताची पुस्तकं, कंपासपेटी, नवऱ्याचा लॅपटॉप, घरातला हातोडा-पाना असं सगळं पाटावर मांडून पूजा होते. त्यात अकॉर्डियनही असायचा. हळद-कुंकू, झेंडूचं फूल, नमस्कार, आणि चार वाजता परत डब्यात. सासरे त्या दिवशी जरा कमी बोलायचे. आम्ही ते सणाच्या धावपळीवर ढकलायचो.

तर तो पोहे खाणारा माणूस. नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी ओळखीचा, तिशीतला, बायपासवर ‘पुराने जमाने का’ कॅफे काढणारा. भिंतीवर टांगायला तो जुनी घड्याळं, जुने टाइपरायटर गोळा करत हिंडत होता. त्यानं डबा उघडला, पट्ट्यांवरून बोट फिरवलं आणि डोळे बारीक करून म्हणाला, “एकदम बढिया, आंटीजी! इसको दीवार पे लेंगे, ऊपर से पीली लाइट मारेंगे. वैसे भी अब तो ये शोपीस ही है ना.”

मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मग शांतपणे, इंदुरी माणूस कुणालाही भाऊ म्हणतो तसं म्हणाले, “ले जाओ, भिया.”

“बाबा!” नवरा म्हणाला.

“अरे, मग काय करू? न वाजणारं वाद्य घरात ठेवून दरसाल त्याला कुंकू लावायचं, याला पूजा नाही म्हणत. हे वर्षश्राद्ध झालं, यार. यंदा मी पूजेला बसणार नाही.”

त्यांचा आवाज अगदी सरळ होता, त्याचाच मला जास्त त्रास झाला. आणि समोर तो माणूस डब्याची लांबी-रुंदी मोबाइलमध्ये टिपून घेत होता. माझ्या तोंडून निघून गेलं, “शोपीस कशाला? मी वाजवते की!”

नवऱ्याचा चमचा हवेत थांबला. सासऱ्यांनी मान वळवून मला पायापासून डोक्यापर्यंत असं पाहिलं की तसं सत्तावीस वर्षांपूर्वी बघण्याच्या कार्यक्रमातही पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, “दसऱ्यापर्यंत. पण दोन्ही हातांनी. पेटीसारखा एका हातानं वाजवलास तर भिया घेऊन जाणार.”

“नो टेन्शन, अंकलजी,” भिया म्हणाला. “अपनी ओपनिंग तो दिवाली पे है.”

दसरा तीन महिन्यांवर होता.

मला मनातून फारशी धास्ती नव्हती. गेली वीस वर्षं दर गुरुवारी मी भजनी मंडळात पेटी वाजवते. पट्ट्या त्याच, सूर तेच, मग अवघड काय? पण पेटीनं माझं एक नुकसान करून ठेवलं होतं. पेटीत डावा हात म्हणजे बिनडोक्याचा गडी. तो मागचा भाता हलवत राहतो आणि आपण तेवढ्यात दारात कोण आलं, कुणाची साडी नवी आहे, प्रसाद किती उरलाय, सगळं बघून घेतो. माझ्या डाव्या हातानं वीस वर्षांत एकदाही विचार केलेला नव्हता.

पहिल्या दिवशी मी सतरंजी घातली, मांडी घातली, अकॉर्डियन समोर आडवा झोपवला आणि डाव्या हातानं त्याचं एक टोक उचलून-दाबून पेटीसारखा वाजवायला लागले. आवाज आला. मला वाटलं, निम्मं काम झालं. तेवढ्यात सासरे पाण्याचं भांडं घेऊन बाहेर आले आणि दारातच थांबले.

“सूनबाई, हे काय? बाळंतीण निजवल्यासारखं काय निजवलंय त्याला? उचल. छातीशी घे.”

छातीशी घेतला तेव्हा कळलं की तो दहा किलोच्या कणकेच्या पिशवीएवढा आहे. शिवाय छातीशी घेतला की डावीकडची बटणं दिसतच नाहीत. मनगट चामड्याच्या पट्ट्याखालून जातं, बोटं पलीकडे उतरतात, आणि तिकडे एकशे वीस सारखी, गोल, छोटी बटणं. सहा ओळी, प्रत्येक ओळीत वीस. मी कपाटाच्या आरशासमोर उभी राहून पाहिलं, तर आरशानं सगळं उलटं करून दाखवलं. मान वाकवून पाहिलं तर दोन दिवस मानेला शेक द्यावा लागला.

मग मी डोकं चालवलं. इथून पुढे जे झालं त्याला गणिताचा अभिमान कारणीभूत आहे.

मोबाइलवर एक परदेशी गृहस्थ शिकवत होते. त्यांच्याकडून एवढंच घेतलं की भात्याकडून दुसऱ्या ओळीत मधोमध एका बटणाच्या माथ्यावर बारीक खळी असते, ती पांढरी एक, म्हणजे आपला सा. पुढचं ते फार भरभर बोलत होते, म्हणून मी व्हिडिओ बंद केला. सा मिळाला की पुढचं काय कुणी शिकवायला हवं? रे, ग, म, प. पेटीवर तसंच असतं, शिडीवर तसंच असतं, जगात सगळीकडे तसंच असतं. सासऱ्यांची दुपारची झोप चालू होती, त्यामुळे वाजवून बघायची सोय नव्हती. मी टिकल्यांची पाकिटं काढली. सा-वर मोठी लाल टिकली, त्याच्या वरच्या बटणावर हिरवी रे, मग पिवळी ग, निळा म, अशी सात रंगांची आरास केली. दुसऱ्या सप्तकासाठी छोट्या टिकल्या. कामात मी व्यवस्थित आहे, हे कुणीही मान्य करेल.

बटणं दिसतच नाहीत, तर टिकल्या कशा दिसणार, हे माझ्या ध्यानात आलं नाही. आणि जी एकमेव खूण बोटाला अंधारातही कळली असती, ती खळी मी लाल टिकली लावून बुजवून टाकली होती.

चार वाजता सासरे उठले. मी अकॉर्डियन चढवला, सा दाबला, सा आला. वरचं बटण दाबलं, तर रे-च्या जागी प वाजला. त्याच्या वरचं दाबलं, तर रे आला. त्याच्या वर ध. मी परत पहिल्यापासून दाबत गेले: सा, प, रे, ध, ग, नी. मी स्वतःवर शंका घेतली नाही. तसा माझा स्वभाव नाही. मी बाहेर जाऊन सासऱ्यांना सांगितलं, “बाबा, तुमचा अकॉर्डियन बिघडलाय. कुणीतरी दुरुस्तीला उघडला असणार आणि बटणं उलटसुलट बसवलीत.”

आधी सासऱ्यांच्या खांद्यांना हसू फुटलं, मग पोटाला, आणि शेवटी ठसका लागून मला पाणी आणावं लागलं. अकरा वर्षांत अकॉर्डियनच्या विषयावर ते पहिल्यांदा हसले होते. मला राग आला पण तो मी राखून ठेवला.

“अरे यार, सूनबाई,” ते डोळे पुसत म्हणाले, “तू पेटीवाली ना? षड्ज-पंचम भाव माहिती आहे ना? सा-चा सगळ्यात जवळचा कोण?”

“प.”

“मग प शेजारी आहे. आणि प-ला सा मानलं तर त्याचा प कोण?”

मी मनात मोजलं. “रे.”

“तो त्याच्या शेजारी. रे-चा पंचम ध, ध-चा ग. ही शिडी नाही. इथं शेजार लाइनीनं नसतो, नात्यानं असतो.”

षड्ज-पंचम भाव हा शब्द मी हजारदा ऐकला होता, तंबोरा लावतानाही ऐकला होता. तो कुणी बटणांच्या रांगेत मांडून ठेवला असेल असं वाटलं नव्हतं. गणिताच्या बाईला जन्मात पहिल्यांदा फळ्यावर उभं केल्यासारखं झालं.

आणि त्याच वेळी, आपलं शिकलेलं लगेच पडताळून पाहावं म्हणून मी प दाबला, तर तो वर येईना. उकाड्यानं टिकलीचा गोंद पातळ झाला होता. टिकली घसरून बटणाच्या भोकात गेली आणि बटण खालीच अडकलं. आता मी भाता ओढला की प, दाबला की प. म्हैस गोठ्यात हंबरावी तसा तो एकच सूर घरभर घुमायला लागला. नवरा ऑफिसातून येऊन दारात बूट काढत होता, तो बूट हातात घेऊनच आत आला.

सासरे उठले. “पेचकस आण,” म्हणाले. डाव्या हातानं वाद्य धरून ठेवायला त्यांना जोर नाही, म्हणून स्क्रू मी काढले, ते फक्त बोटानं दाखवत राहिले. बटणांमागची पट्टी निघाली आणि आत मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. धातूच्या बारीक काड्यांचं जंगल. प्रत्येक बटणाखाली एक काडी, काडीला दात, आणि ते दात पलीकडच्या सळ्यांना ढकलणारे. सासऱ्यांनी तिसऱ्या ओळीतलं एक बटण हलकेच दाबलं. आत तीन झडपा एकदम उघडल्या.

“हा सी मेजर. सा, ग, प, तिघं एकत्र. बटण एक, सूर तीन. दोन ओळी एकेकट्या सुरांच्या आणि चार ओळी अशा कॉर्डच्या. आता सांग, या डाव्या बाजूला एकूण सूर किती?”

“एकशे वीस तरी असतीलच. कॉर्डचे धरले तर जास्त.”

“बारा.”

“काहीतरीच काय!”

“बाराच. बाकी सगळी त्यांचीच उठबस. कोण कुणासोबत बसला, एवढाच फरक.”

मी आत परत पाहिलं. दाबत गेले तशा त्याच झडपा वेगवेगळ्या जोडीनं उघडत होत्या. आमच्या इंदूरच्या मराठी लोकांसारखं झालं हे. कुठल्याही लग्नात जा, माणसं तीच. कधी मुलाकडची म्हणून बसलेली असतात, कधी मुलीकडची म्हणून. मला एकदम हलकं वाटलं. एकशे वीस बटणांची भीती होती ती बारावर आली. आणि टिकल्या मी एकेक करून सोलून काढल्या, एक सोडून. ती आत कुठं गेली ते अजून कुणाला माहीत नाही.

त्या दिवसापासून सासरे रोज संध्याकाळी पाच वाजता माझ्यासमोर खुर्ची टाकून बसायला लागले. शिकवायची त्यांची पद्धत अशी की ते शिकवायचेच नाहीत. नुसतं ऐकायचे आणि एक शब्द बोलायचे: “डावा.” म्हणजे डावा चुकला. मधल्या बोटानं एकेरी सूर, ढुम्. तर्जनीनं शेजारची कॉर्ड, चक, चक. ढुम् चक चक, ढुम् चक चक, आपला दादराच म्हणा. मग एक बटण वर, हनुवटीकडे. परत मधे. मग एक खाली, जमिनीकडे.

“बहुतेक गाणी या तीन ठिकाणी संपतात,” ते म्हणाले. “मधलं म्हणजे तुझं घर. वरचं सासर. तिथं गेलं की घरी परत जावंसं वाटतं. खालचं माहेर. तिथं गेलं की जरा टेकावंसं वाटतं.”

“बाबा, मी तर सासरीच राहते.”

“म्हणून तर तुझा वरचा सूर चुकतो,” ते म्हणाले.

डाव्या हाताचं त्यांना एवढं काय पडलंय, ते मला एकदा मानपूरच्या गोष्टीनं कळलं. मानपूरला कुणाकडे तरी लग्न होतं, ऑर्केस्ट्रा दुपारीच पोहोचला, आणि ढोलकवाला मंडपात जेवून, पान खाऊन, गाणाऱ्याशी भांडून सरळ महूकडे जाणारी बस पकडून निघून गेला. मंडपात अडीचशे माणसं आणि ताल नाही. सासऱ्यांनी डावा हात जरा मोठा केला, ढुम्-ला वजन दिलं, चक तोडून वाजवला, आणि चार तासांचा कार्यक्रम त्या एका हातानं ओढून नेला. शेवटी नवरदेवाचा मामा येऊन विचारायला लागला की ढोलकवाला दिसत नाही, तो कुठं बसलाय? हे सांगताना सासऱ्यांचा डावा हात मांडीवर आपोआप चालत होता. खांदा जागच्या जागी, फक्त बोटं. बोटं जागा चुकत नव्हती. ते मला दिसलं आणि मी नजर दुसरीकडे वळवली.

माझ्या हाताची मात्र त्या दिवसांत वेगळीच कथा होती. पोळ्या लाटताना लाटणं ढुम् चक चक करायचं. वर्गात समीकरण लिहिता लिहिता डावा हात टेबलावर सुरू व्हायचा आणि पहिल्या बाकावरच्या मुली एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. सगळ्यात कहर भजनी मंडळात झाला. वीस वर्षं मुकाट्यानं भाता हलवणारा माझा डावा हात एका गुरुवारी अचानक तालात भाता दाबायला लागला. पेटीतून अखंड सूर येण्याऐवजी धक्के यायला लागले. निम्म्या बायका एका लयीत, निम्म्या दुसऱ्या, टाळ तिसऱ्याच. अभंग कसाबसा विठ्ठलाच्या पायाशी पोहोचवल्यावर मंडळाच्या अध्यक्षबाई मला म्हणाल्या, “अहो, तुमच्या पेटीला उचकी लागलीय का? जरा पानी पिलवा तिला.”

सप्टेंबरअखेर अशी परिस्थिती होती: उजवा हात एकटा सुरेख, डावा हात एकटा चांगला, आणि दोघं एकत्र आले की भाऊबंदकी. उजवा पुढं पळायचा, डावा त्याच्याकडे बघत बसायचा आणि घर विसरायचा. खळी सापडायची नाही. बोट भलत्याच बटणावर उतरायचं आणि सासरे म्हणायचे, “डावा.”

एकदा मी चिडले. “बाबा, उजव्याचं कौतुक कराल का कधीतरी? वीस वर्षांचा हात आहे माझा.”

“उजवा सगळ्यांनाच येतो,” ते म्हणाले.

मी दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. चहाही जरा कमी साखरेचा दिला.

त्याच आठवड्यात कॅफेवाल्या भियानं नवऱ्याच्या मोबाइलवर एक फोटो पाठवला. विटांची भिंत, वरून पिवळा उजेड, आणि मधोमध एक भक्कम लोखंडी हूक, मोकळा. खाली लिहिलं होतं, ‘जगह रेडी है’. नवऱ्यानं तो मला दाखवायच्या आधी चुकून सासऱ्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला. मग विचारलं, “किती उंचीवर आहे रे? कुणाचा हात तर नाही ना पोहोचणार?” नवरा म्हणाला, नाही पोहोचणार. “हं,” म्हणाले आणि आत जाऊन पडले. त्या संध्याकाळी पाच वाजता खुर्ची रिकामी होती. मी एकटीच ढुम् चक चक करत बसले आणि मला पहिल्यांदा खरंच भीती वाटली. हे आपल्याला जमणार नाही, आणि आपल्या रागापायी या म्हाताऱ्या माणसाला आपण तीन महिने आशा लावून ठेवली, असं वाटत राहिलं.

दसरा उजाडला. पाट मांडला, पुस्तकं, कंपासपेटी, लॅपटॉप, पाना-हातोडा सगळं आलं. अकॉर्डियन पाटावर ठेवू नका, असं सासऱ्यांनी सांगितलं होतं. तो खुर्चीवर होता. अकरा वाजता भिया आला, बगलेत फुगे असलेल्या प्लास्टिकची गुंडाळी. माणूस वाईट नव्हता, हे मला सांगायलाच हवं. त्यानं आमच्यासाठी सोन्याची पानंही आणली होती.

“बैठो भिया,” सासरे म्हणाले. “पहले सुन लो.”

गेले तीन महिने ते त्यांच्या ऑर्केस्ट्राची सुरुवातीची धून माझ्याकडून बसवून घेत होते. त्यांचीच, त्यांनीच रचलेली, कार्यक्रमाचा पडदा उघडताना वाजायची ती. मी पट्टे चढवले, डावं मनगट आत सरकवलं, बोटानं खळी शोधली. सापडली. सुरू केलं.

चार ओळी निभावल्या. पाचव्या ओळीत उजवा हात वर चढला, माझं लक्ष त्याच्याबरोबर गेलं, आणि डावा हात वरच्या बटणावरून परत यायचं विसरून आणखी वर गेला. मी खाली आले तर एकदम घराच्याही दोन बटणं खाली. खळी नाही. इथं नाही, तिथंही नाही. भाता मिटत आला, अकॉर्डियननं एक लांब कण्हण्याचा आवाज काढला आणि मी थांबले.

नवरा जमिनीकडे बघत होता. भिया अवघडून प्लास्टिकचे फुगे चाचपत होता, त्यातला एक फट्‌ करून फुटला. मला रडू आलं. माझं रडणं रागासारखंच येतं, एकदम आणि सगळ्यांसमोर. मी म्हणाले, “बाबा, मला माफ करा. नाही जमलं.”

“उजवा काढ,” सासरे म्हणाले.

“काय?”

“उजवा हात पट्ट्यांवरून काढ. नुसता डावा चालव.”

मला वाटलं, ही शिक्षा आहे, पाहुण्यासमोर पहिलीच्या वर्गात बसवतायत. पण उजवा काढला. गुडघ्यावर ठेवला. उजव्याची लुडबुड नसल्यावर डाव्याला खळी लगेच सापडली. ढुम् चक चक. वर, ढुम् चक चक. परत घरी. डोळे गळत होते तरी हात बरोबर चालत होता.

सासऱ्यांनी उजव्या हातानं स्टूल ओढलं. माझ्या उजव्या बाजूला, किंचित मागं, ते येऊन बसले. सत्तावीस वर्षांत आम्ही इतके जवळ कधी बसलो नव्हतो; त्यांच्या सदऱ्याला कापराचा वास होता. मी बावरून जरा अंग चोरलं. त्यांचा उजवा हात माझ्या हाताच्या जागी, पट्ट्यांवर आला.

पहिला सूर चाचपडत आला. दुसरा चुकला. तिसऱ्यापासून ती धून सुरू झाली. मी तीन महिने तीच वाजवत होते, पण माझ्या हातून अशी कधी निघाली नव्हती. ती खोडकर होती. मधेच अडायची, मला ढुम्-वर वाट पाहायला लावायची आणि नेमकी चक-वर हसत परत यायची. भाता माझा, ताल माझा, गाणं त्यांचं. अकरा वर्षं हा हात धडधाकट होता आणि त्याला सोबत नव्हती म्हणून डब्यात पडून होता. तीन महिने ते माझ्या उजव्याला विचारत नव्हते, कारण उजवा त्यांच्याकडे होताच. मी हे वाजवता वाजवता समजत गेले आणि रडणं वाढलं, पण डावा हात मी थांबू दिला नाही.

“वर,” ते माझ्या कानाशी म्हणाले. मी वर गेले. “घरी.” मी घरी आले.

भिया गुंडाळी खाली ठेवून उभा होता. बऱ्याच वेळानं, हळू आवाजात त्यानं विचारलं, “तो, अंकलजी... मतलब मैं फिर...”

“भिया, तुम कुछ और देख लो,” सासरे त्याच्याकडे न बघताच म्हणाले.

मला वाटलं, झालं, धून संपली. मी भाता सावकाश मिटायला घेतला. त्यांनी कोपरानं मला ढोसलं.

“थांबू नकोस, सूनबाई. मला पुढचं आठवतंय.”